मोठ्या सिस्टरांनी केलेलं कौतुक

ऑपरेशन थिएटरच्या मोठ्या सिस्टरांना पाठीमागे सगळे कात्री म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांची हरकतही नव्हती. बोलणं होतंच तसं, मध्ये येईल ते कापलं जायचं. हात मात्र इतका हलका की भूल उतरताना कण्हणाऱ्या पेशंटच्या कपाळावर तो पडला की माणूस निवांत व्हायचा. कौतुक करणं तेवढं त्यांना जन्मात जमलं नाही. मुलगा वर्गात पहिला आला तेव्हा म्हणाल्या, "बरं. आता नखं काप." सुनेच्या हातची पहिली भाजी खाऊन म्हणाल्या, "मीठ बेताचं आहे." ही शाबासकी होती, हे सुनेला कळायला बराच काळ जावा लागला.

अशा बाईकडे चिमणी शिफारसपत्र मागायला आली.

चिमणी म्हणजे त्यांच्या हाताखालची नर्स. अंगानं एवढीशी, आवाज त्याहून एवढासा. धुऊन आलेल्या हिरव्या चादरींच्या घड्या घालता घालता तिनं विषय काढला.

"सिस्टर, परदेशातल्या त्या मोठ्या हॉस्पिटलनं माझा अर्ज पुढं घेतलाय. आता वरिष्ठांचं पत्र हवंय. तुम्ही थेट त्यांना मेल करायचं. इंग्रजीत."

"इंग्रजीत. आणि मी."

"मी तुमच्याच हाताखाली शिकले ना. दुसऱ्या कुणाकडे जाऊ?"

"घडी तिरकी आलीय, बघ," सिस्टर म्हणाल्या. चिमणीनं ओळखलं, होकार आहे.

सिस्टरांची शाळा मराठी. थिएटरमधलं इंग्रजी त्यांच्या तोंडात बसलेलं होतं, औजारांची नावं, औषधं, पेशंटच्या नोंदी सगळं धडाधड चालायचं. पण ज्यात एकही औषध नाही असं पानभर इंग्रजी, तेही एका जिवंत माणसाबद्दल, म्हटल्यावर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सुनेनं त्यांच्या फोनवर एआय घालून दिला.

"आई, तुम्हाला येईल तसं लिहा. हा ते नीटनेटकं करून देतो. आमच्या ऑफिसात सगळे याच्याकडूनच पत्रं धुऊन घेतात."

"धोब्याकडे दिल्यासारखी?"

"तसंच समजा."

"मग एखादं बटण तुटून यायचंच."

सुट्टीच्या दिवशी दुपारी त्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या. थिएटरमध्ये हात धुण्याआधी घेतात तसं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि एका बोटानं टाइप करायला लागल्या. मुलगी चांगली आहे. काम चोख. कमी बोलते. वेळेवर येते. अशी चारपाच वाक्यं झाली. मग त्यांनी गॉजची गोष्ट लिहिली. ती लिहायला मात्र त्यांचं बोट अडलं नाही.

गोष्ट अशी. पोट शिवण्याआधी रक्त टिपायच्या गॉजचे तुकडे मोजतात, आत जेवढे गेले तेवढे बाहेर आले पाहिजेत. एकदा एक कमी भरला. सर्जन सुई हातात घेऊन तयार, पुढचा पेशंट बाहेर ताटकळलेला. चिमणी त्या एवढ्याशा आवाजात म्हणाली, "सर, शिवू नका." सरांचा पारा चढला. सगळं थिएटर पालथं घातलं. शेवटी चिमणीनंच पाय उचलला आणि म्हणाली, "सापडला. माझ्याच स्लीपरला चिकटलाय. माझ्याच हातून पडला असणार." पुढं कित्येक दिवस थिएटरमधली पोरं तिला बघितलं की पाय वर करून दाखवायची.

एआयनं पत्र धुऊन दिलं. काय ते पत्र. शब्द कसे इस्त्री केल्यासारखे, एकाला सुरकुती नाही. सिस्टर बघतच राहिल्या. गॉज दिसेना, पण असेल कुठंतरी त्या लांबलचक शब्दांच्या पोटात, असं त्यांना वाटलं. प्रत्येक शब्दाचा अर्थ सुनेला विचारायचा म्हणजे लाज. कोर्सचं नाव, तारखा बरोबर आहेत का ते बघायला त्यांनी प्रत काढून चिमणीच्या हातात ठेवली.

दुसऱ्या दिवशी चिमणी आली ती डोळे सुजवूनच.

"सिस्टर, मी तुम्हाला एवढी आवडते? मला वाटायचं तुम्ही मला कशीबशी सहन करता."

सिस्टरांना कुठं बघावं कळेना. "ट्रॉली लावलीस का?"

"लावली. असामान्य म्हटलंय तुम्ही मला. आईला फोनवर वाचून दाखवलं, ती तर रडायलाच लागली." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "आणि ते स्लीपरचं लिहिलं नाहीत, फार बरं केलंत. मला त्याचीच धास्ती होती."

"लिहिलं नाही?" सिस्टर म्हणाल्या. "मी लिहिलंय ते."

चिमणीचा चेहरा उतरला. "नाहीये त्यात. आणि नकोच ना, सिस्टर. चुका करणारी नर्स कोण घेईल? तिथं शंभर जणी रांगेत असतील."

सिस्टर ट्रॉलीवरची औजारं मोजायला लागल्या. पोरीचं म्हणणं खोटं नव्हतं. तिच्या घरी मिळवती ती एकटीच, आणि असं दार पुन्हा उघडेल याची कुणी हमी द्यावी? पण खाली सही आपली. देवासमोर उभं राहून म्हणता येईल तेच सहीच्या वर असावं, एवढं एकच त्यांनी जन्मभर सांभाळलं होतं.

संध्याकाळी त्यांनी सुनेला शेजारी बसवलं. "याला विचार, माझा गॉज कुठं टाकला."

सुनेनं विचारलं. एआयनं अदबीनं कळवलं की शिफारसपत्रात सहसा चूक लिहीत नाहीत म्हणून तो भाग गाळला, तसं आधी सांगायला हवं होतं, हवा असेल तर परत घालतो.

"न सांगता गाळला," सिस्टर म्हणाल्या. "थिएटरमध्ये असता तर बाहेर उभा केला असता. कबूल करतोय तेवढं ठीक. आता मला एकेक वाक्य मराठीत सांग."

"जीव ओतून काम करते."

"खरं आहे. राहू दे."

"सदैव हसतमुख असते."

"सकाळच्या पाळीला कोण हसतं? काढ."

"सर्व सहकाऱ्यांना प्रेरणा देते."

"त्यांना चहा देते. काढ."

"असामान्य परिचारिका आहे." सून थांबली. "काढू?"

सिस्टरांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. "त्याला मी सांगितलं होतं का असं लिही म्हणून?"

"नाही. ते त्याच्या मनचं."

"असू दे," सिस्टर म्हणाल्या. "तेवढं बरोबर लिहिलंय त्यानं."

मग गॉज परत आत गेला. भाषा सुधार, पण काही घालू नकोस आणि काढू नकोस, असं सुनेनं त्याला बजावलं, आणि आलेला परिच्छेद वाचून दाखवला तेव्हा सिस्टरांना तो आपलाच वाटला.

पण आयुष्य पोरीचं होतं. दुसऱ्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत त्यांनी फोन चिमणीपुढं धरला. "वाच. नको म्हणालीस तर मी पत्रच देणार नाही, दुसऱ्या कुणाचं घे. मी रागावणार नाही."

चिमणी बाकावर बसून वाचत राहिली.

"तुम्ही लिहिलंय, माझ्या स्वतःच्या ऑपरेशनची वेळ आली तर मोजणीला हीच असावी."

"मग? तो गॉज पायाखाली होता हे आपल्याला नंतर कळलं. आत असता तर?"

"पण त्या दिवशी तुम्ही मला फक्त म्हणालात, स्लीपर धुऊन टाक."

"मळली होती म्हणून म्हणाले."

चिमणी हसली, रडली, दोन्ही एकदम. पुन्हा वाचायला लागली आणि एका ओळीवर थांबली. "सिस्टर, हे चुकलंय. सर शांतपणे थांबले. शांतपणे कुठं? चिमटा फेकला होता त्यांनी भिंतीवर."

"ते माझंच. वरिष्ठांबद्दल वाईट लिहू नये म्हणून."

"पण खोटं आहे ना."

सिस्टरांनी तिच्याकडे पाहिलं. शब्द खोडला, फोन परत तिच्या हातात दिला. चिमणीनं ओठ घट्ट मिटून स्वतःच मेल पाठवलं.

निवड झाल्याचं कळलं तेव्हा दोघी ऑपरेशनलाच उभ्या होत्या. मधे फोनवर मुलाखत झाली होती, तीत काय विचारलं ते चिमणीनं सांगितलं नव्हतं आणि सिस्टरांनी विचारलं नव्हतं. दाराशी येऊन कुणीतरी ओरडलं, चिमणीचं झालं, मेल आलंय. मोजणी चालू होती. चिमणीचा आवाज एकदा कापला, पण आकडा चुकला नाही. दोघींनी मोजत मोजत शेवट गाठला, सगळे भरले, सर्जननी सुई मागितली. सिस्टरांनी ती दिली आणि हातमोज्यातले दोन्ही हात जुळवून छातीशी धरले. हातमोजे कशाला लागू नयेत यासाठी थिएटरमध्ये सगळे तसेच उभे राहतात, म्हणून कुणाला काही वेगळं वाटलं नाही.