बाजू बदला! काटोल रोडवरच्या कॉलेजात एक दिवस

इंजिनिअरिंगला न जाता गोलात बसून वाद घालायचं कॉलेज बघायला जायचंय, असं मी जाहीर केलं तेव्हा बाबा म्हणाले, "काहून वं? वाद तं तू घरी फुकटात घालून राहिली!" तरी शनिवारी साड्यांचं दुकान आईवर सोपवून ते सोबत आले. प्रवेश घेणार की नाही, हे सोमवारी कळवायचं होतं.

आमच्यासारखे बेशाहून निघालात तर स्टँडजवळ तर्री पोहे खाऊनच एसटीत बसा, पुढे धड काही मिळत नाही. बस फाट्यावर सोडते, मग शेअर ऑटो. दोन्हीकडे संत्र्याच्या बागा होत्या आणि मी हवेत होते.

वर्गात शिक्षिका मुलांमध्येच बसल्या होत्या. प्रश्न होता, गिऱ्हाइकाशी थोडं खोटं बोललं तर बिघडतं का? "तुला काय वाटतं?" त्यांनी मला विचारलं. ट्यूशनमध्ये दोन वर्षं घासलेली मी म्हणाले, "मॅडम, बरोबर उत्तर कोणतं?" सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबांना मात्र राहवेना. "मी हरेक बाईले सांगतो, हा रंग तुमच्यावर खुलते. कोणाचं नुकसान झालं?"

"आता बाजू बदला," मॅडम म्हणाल्या. इथला नियमच तो: स्वतःविरुद्धही तितक्याच मनापासून बोलायचं. बाबांनी घाम पुसला आणि आपल्याच दुकानाची बिनपाण्याने केली. टाळ्या पडल्या.

मेसमधलं वरण फर्मास, पण शेजारची मुलगी म्हणाली, "आठवड्याले एक जाडं पुस्तक. पहिले सहा महिने मी नुसती रडली." माझी भूकच मेली.

परतताना बाबा म्हणत होते, इथंच जा. मी म्हणत होते, झेपणार नाही.

घरी आईने सगळं ऐकून घेतलं. "सकाळी हिले जायचं होतं, तुम्हाले नको होतं. आता उलटं? मंग नियम म्हणजे नियम. बाजू बदला."

बाबा म्हणाले, "माझा मुद्दा एकच. ही हॉस्टेलवर गेली तं मले करमणार नाही."

मला भरून आलं. पण पाळी माझी होती. मी कॉलेजच्या बाजूने बोलू लागले, आणि बोलता बोलता कळलं की ही बाजू माझीच आहे.

सोमवारी हो कळवलं. बाबा तेव्हापासून येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतात, काटोलची एसटी दिवसभर असते.