काकू उठल्या नाहीत

काकांच्या दुकानात गिऱ्हाईक आधी बसतं आणि मग बोलतं. बसल्यावर बोलायचं विसरलेलीही पुष्कळ आहेत. खुर्च्या विणणं, सोफ्यांचे फोम बदलणं, मोडलेल्या पाठींना पाठ देणं हा काकांचा धंदा. आपल्या हातच्या खुर्चीत बसलेला माणूस घरून बोलावणं आल्याशिवाय उठत नाही, हा त्यांचा अभिमान. स्वतः मात्र ते वीतभर उंचीच्या स्टुलावर बसतात. आपणच आपल्या खुर्चीत बसलो तर काम कोण करणार, असं त्यांचं म्हणणं.

हा माणूस त्रेपन्नाव्या वर्षी पळायला लागला तो एका उशीमुळे. गिऱ्हाइकाच्या सहा खुर्च्या टेम्पोत चढल्या, टेम्पो कोपऱ्यावरून वळला आणि काकांना टेबलाखाली राहिलेली उशी दिसली. फोन करावा, हे दुसऱ्या कुणालाही सुचलं असतं. काका उशी काखोटीला मारून धावत सुटले. बाजार संपला, शाळा गेली, पेट्रोल पंप गेला. टेम्पो सापडला तो थेट रेल्वेच्या बंद फाटकापाशी.

"काका, फोन करायचा ना," ड्रायव्हर म्हणाला.

"खरंच की," काका म्हणाले. म्हणताना त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्याला धाप लागलेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा फाटकापर्यंत पळून आले. या वेळी उशीशिवाय.

तीन वर्षांत फाटक ओलांडलं, पुढचा पूल ओलांडला आणि एके दिवशी मुलीने त्यांना न विचारता त्यांचं नाव तलावाच्या शर्यतीत घातलं. मुलगी दवाखान्यात एक्सरे काढते. माणसाच्या आत काय आहे ते त्याला विचारायची तिला सवय नाही. पन्नास किलोमीटर. तलावाभोवती पाच-पाचाच्या दहा फेऱ्या, वेळ नऊ तास.

काकांचा घास हातातच राहिला. "अगं, मला जमायचं नाही ते. मी अर्ध्यात सोडणारा माणूस."

यावर घरात कुणी लगेच 'छे छे' म्हणालं नाही, कारण पुरावा डोक्यावरच होता. माळ्यावर काकांची बासरी होती, जिच्यावर त्यांना एकाच गाण्याची पहिली ओळ येत असे. टायपिंगची पुस्तकं होती, पहिल्या परीक्षेपर्यंतची. पोहणं माळ्यावर ठेवता येत नाही, नाहीतर तेही असतं. विहिरीत काकांना पलीकडे जाता येई, परत येता येत नसे.

"वरती यांची चार-पाच अर्धी आयुष्यं ठेवलीत," काकू म्हणाल्या. "धूळ मी पुसते."

काकूंचा भाऊ शाळेची व्हॅन चालवतो आणि दुपारी नेमका जेवायच्या वेळी मोकळा असतो. तो म्हणाला, "दाजी, माझा शब्द. पाच फेऱ्या झाल्या की घरी. मी गाडी चालूच ठेवतो."

"मामा, तू जेव," मुलगी म्हणाली.

"पण खुर्ची कधी अर्धी सोडलीत का तुम्ही?" काकूंनी विचारलं.

"खुर्चीची गोष्ट वेगळी. ती गिऱ्हाइकाची असते." काका पुटपुटले आणि उठून हात धुवायला गेले. बेसिनचा नळ बराच वेळ चालू राहिला. पाच फेऱ्यांवर थांबलो, तर आपण कोण आहोत ते कायमचं ठरेल, ही भीती त्यांनी त्या नळालाच सांगितली असावी.

नाव मात्र त्यांनी काढून घेतलं नाही. पहाटे पळत राहिले आणि दिवसा दुकानात एक खुर्ची करायला बसले. शर्यतीला काकू येणार आणि काकूंचा गुडघा तासभरही उभं राहू देत नाही, म्हणून ही खुर्ची. हलक्या पाइपची, घडीची, नायलॉनच्या पट्टीने घट्ट विणलेली. हातांना मऊ गाद्या, पाठीला हवा तेवढा उतार, बाजूला थर्मासचा खिसा. काकू मटार सोलत बसल्या असताना काकांनी मागून वितीने त्यांच्या पाठीचं माप घेतलं. काकूंना वाटलं, इतक्या वर्षांनी नवऱ्याला प्रेम आलं. तसं ते आलेलंच होतं, पण मापासकट.

शर्यतीच्या सकाळी तलावाकाठी झाडाखाली ती खुर्ची मांडली गेली. पहिल्या दोन फेऱ्या काका लग्नाच्या वरातीतल्यासारखे हसत हसत आले नि गेले. तिसऱ्या फेरीच्या वेळी काकू पाणी भरायला उठल्या, आणि चकचकीत कपड्यांतला एक तरणाबांड गडी "दोनच मिनिटं" म्हणून खुर्चीत टेकला. टेकला तो टेकलाच. दहा मिनिटांनी त्याने बूट काढले, वीस मिनिटांनी छातीवरचा नंबर. त्याला कसंबसं उठवलं, तर काकू मुलीशी बोलत उभ्या आहेत तोवर एक बँकेचे मॅनेजर बसले. ते तर घोरू लागले. तिसऱ्या होत्या एक दंतवैद्य बाई, त्यांनी उठायच्या आधी विचारलं, "ही विकत कुठे मिळते?"

शेवटी शर्यतीचे शिट्टीवाले सर आले. "काकू, ही खुर्ची जरा मागे घेता का? आमचे स्पर्धक गळतायत."

"मागे कशाला, मीच बसते की," काकू म्हणाल्या, आणि पदर खोचून अशा बसल्या की खुर्चीचा इंचभरही कुणाला दिसू नये.

पाचवी फेरी झाली. व्हॅनवाल्या मेव्हण्याने किल्ली खुळखुळवून दाखवली. काका त्याच्याकडे न बघता पुढे गेले. पण सहाव्या फेरीनंतर आले, तेव्हा ते पळत नव्हते, चालतही नव्हते. पाय कुणाचे तरी उसने आणल्यासारखे टाकत होते. ऊन चढलं होतं. ओठ पांढरे पडले होते. मुलीने डोक्यावर पाणी ओतलं, हातात मीठ-साखरेचं पाणी दिलं, नाडी पाहिली, डोळे पाहिले.

"बाबा, शरीर ठीक आहे तुमचं," ती म्हणाली.

काकांनी ते ऐकलंच नाही. ते खुर्चीकडे बघत होते. त्या पाठीचा उतार त्यांच्याइतका कुणाला ठाऊक होता?

"अगं, ऊठ जरा. दोनच मिनिटं."

काकू उठणाऱ्यांतल्या. बसमध्ये, दवाखान्यात, लग्नाच्या हॉलमध्ये कुणीही समोर आलं की त्या आधी उठतात. आताही त्यांचे हात खुर्चीच्या हातांवर टेकले, अंग थोडं वर आलं. मग त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्या परत खाली बसल्या.

"नाही उठणार."

"अगं, मी केलीय ती खुर्ची."

"माझ्यासाठी केलीत ना? मग मी गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाला उठवतात का?"

"मला जमत नाहीये," काका हळूच म्हणाले. चेष्टा संपली होती. "मी सांगितलं होतं तुम्हाला."

काकूंचा आवाजही खाली आला. "पाय थकले असं म्हणा, मी आत्ता उठते. पण 'मी असलाच आहे' म्हणून बसायचं असेल, तर दुसरी खुर्ची शोधा."

मेव्हणा मदतीला आला. "दाजी, माझ्या गाडीत बसा की."

मुलीने मामाकडे असं पाहिलं, की त्याने किल्ली खिशात घातली.

काका तणतणत निघाले. "एवढं मरमर करून बनवा, आणि बसायला मिळत नाही," हे वाक्य तलावाच्या त्या अंगाला मासे पकडणाऱ्यांनीही ऐकलं. सातवी फेरी त्यांनी निव्वळ रागावर काढली. आठवीत राग सरला, तेव्हा ध्यानात आलं की पाय चालतायत. नवव्या फेरीला खुर्चीसमोरून जाताना त्यांनी मान वळवून फक्त एवढं विचारलं, "पाठ दुखतेय का?"

"मुळीच नाही," काकू म्हणाल्या.

"उतार बरोबर बसला म्हणायचा," काका म्हणाले आणि थोडे हसले.

दहाव्या फेरीला मुलगी सोबत चालली. सोबतीला मनाई होती, पण शिट्टीवाले सरांनी तोंड तलावाकडे फिरवलं. सावल्या लांबल्या होत्या, मंडपाचे बांबू उतरवणं सुरू झालं होतं. वेळ संपायला थोडाच अवधी उरला असताना काकांनी दोरी ओलांडली. टाळ्या वाजवायला जेमतेम आठ-दहा माणसं उरली होती, त्यांत सकाळचे ते मॅनेजर, झोप पुरी होऊन ताजेतवाने.

काका थेट खुर्चीपाशी आले.

"बसा आता," काकू म्हणाल्या आणि उठायला गेल्या. पण सकाळपासून जागा अडवून बसलेल्या त्या बाईचे दोन्ही पाय मुंग्या येऊन लाकूड झाले होते. त्या उभ्या राहिल्या आणि तशाच कलंडल्या. पन्नास किलोमीटर पळून आलेल्या माणसाने पुढे होऊन त्यांना धरलं.

"हळू," काका म्हणाले. "सवय नाही तुला इतकं बसायची."

दोघं एकमेकांना धरून उभी राहिली. कोण कुणाच्या आधाराने, ते मुलीलाही सांगता आलं नसतं, आणि तिच्याकडे एक्सरेचं मशीन नव्हतं. तेवढ्यात मागून करकर आवाज आला. मेव्हणा खुर्चीत बसला होता.

"दाजी," तो डोळे मिटून म्हणाला, "तुम्ही लोक व्हा पुढे."