टॉवेल-टोपी

माझं गाव हिंजवडीच्या पलीकडे. कसबा पेठेतल्या माझ्या घरापासून दोन बस बदलून दोन तास, रस्ता मोकळा असेल तर. एवढ्याशा अंतरावरून परत आल्यावर माणूस असा गोंधळून बसतो, हे कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेला पहिला मी. हे मी सांगतो, लपवत नाही, कष्टाने मिळवलंय. लग्न पेठेतल्या मुलीशी झालं. तिच्या माहेरी न कळवता कुणी दारात उभं राहत नाही. सहा वर्षांत ती सवय मलाही लागली. म्हणून परवाच्या शुक्रवारी गावी फोन केला आणि वडिलांना विचारलं, "दादा, उद्या येऊ का?"

ते म्हणाले, "ये की."

बायकोला पेपर तपासायचे होते, म्हणून एकटाच गेलो. तिने पेढ्यांचा बॉक्स बांधून दिला होता, तो वहिनीच्या हातात दिला. दोन दिवस चांगले गेले. फक्त जेवल्यावर ताट उचलायला गेलो की आई म्हणायची, "राहू दे, तू बस."

रविवारी दुपारी निघायला पिशवी उचलली तर ओसरीवर पाट मांडलेला. दादांनी मला त्यावर बसवलं, कपाळाला गंध लावलं, डोक्यावर पांढरी टोपी ठेवली, खांद्यावर नवा टॉवेल टाकला आणि हातात नारळ दिला. पाहुण्याची पाठवणी करतात तशी.

"दादा, हे काय?"

"रीत हाय. पेढं आणलंस. रिकाम्या हातानं कसं लावून देऊ?"

थोरला भाऊ खांबाला टेकून उभा होता. "फोन करून आल्याला पाव्हणा. टोपी नको व्हय त्याला?"

वहिनी हसली. आई आत गेली. दादा टोमणा मारतात तेव्हा त्यांची मिशी हलते, लहानपणापासून मी ती बघून ओळखतो. ती हलली नाही. रागही दिसला नाही. मी पाया पडलो आणि निघालो.

बसमध्ये टोपी काढून पिशवीत घातली. मान म्हणावा, तर घरच्या माणसाला कुणी असा मान देत नाही. चेष्टा म्हणावी, तर दादा दुकानात जाऊन टॉवेल निवडून आले असणार. दोन्ही हिशेब पटेनात.

दार उघडताच खांद्यावरचा टॉवेल आणि हातातला नारळ बघून बायको म्हणाली, "अहो, कुणाचं लग्न होतं का?"

"माझ्याच घरून दिलंय. पाहुणा म्हणून."

"चांगला मान दिलाय की. तोंड पाडायला काय झालं?"

"मान परक्याला देतात."

"मग पेढे कशाला नेलेत?"

"तूच दिलेस."

"मी सासरी पाठवले. मला तिथलं काय कळणार? ते घर तुमचं. नको म्हणायला काय झालं होतं?"

पदवीचा इथे काही उपयोग नव्हता.

आमच्याकडे असा आहेराचा टॉवेल कुणी वापरत नाही. घडी न मोडता ट्रंकेत ठेवायचा आणि पुढच्या पाहुण्याच्या खांद्यावर टाकायचा. बायकोनेही तो कपाटात वर ठेवला होता. सोमवारी सकाळी मी तो काढला आणि अंघोळीला घेऊन गेलो. नवा टॉवेल; पाणी टिपत नव्हता, नुसतं इकडचं तिकडे सारत होता.

गॅलरीतल्या दोरीवर तो बघून ती म्हणाली, "आता हा कुणाला देता येणार नाही."

"नाहीच द्यायचा."

पुढच्या वेळी तो गावी नेणार आहे. अंघोळ करून तिथल्या दोरीवर दादांच्या धोतराशेजारी वाळत टाकणार आणि तसाच ठेवून येणार. पेढे नेणार नाही. फोनचं मात्र अजून ठरत नाही. न कळवता गेलो आणि ते खरंच दचकले, तर?