बेसिनवरचा आरसा

पफकाकांनी माझा चेहरा पहिल्यांदा रंगवला तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि नाटकात साठीची आजी करत होते. तासाभरात त्यांनी मला म्हातारी केली. आज मी खरोखर त्या वयाची आहे, आणि शपथेवर सांगते, त्यांनी सुरकुत्या जिथे काढल्या होत्या तिथेच त्या पडल्या. एकसुद्धा चुकली नाही.

पफ म्हणजे पावडर लावायची ती मऊ गादी. ती कायम त्यांच्या डाव्या करंगळीत अडकवलेली असायची, म्हणून आम्ही त्यांना हे नाव ठेवलं. पुढे त्यांची बायकोसुद्धा थट्टेने त्यांना तसंच म्हणायची. ती शाळेत गणित शिकवायची. नाटक बघायला आली की दुसऱ्या अंकात तिचा डोळा लागे, आणि नंतर ती ते आम्हाला तोंडावर सांगे. आमच्या धंद्यात असं खरं बोलणारी बाई विरळाच.

रंगपटात नट आरशासमोर बसतो, रंगवणारा त्याच्या मागे उभा राहतो, आणि दोघं बोलतात ते आरशातून. डोळ्यांचं काम करायला तेवढे काका पुढे येत, आणि तेव्हा दोघंही गप्प असत. त्या खुर्चीत बसून आम्ही काय काय ओकून टाकलं आहे! नवऱ्यांच्या कागाळ्या, फसलेली प्रेमं, दिग्दर्शकाला घालायच्या शिव्या. काका 'हं' म्हणत आणि गालावर रंग बसवत. चाळीस वर्षांत त्यांनी स्वतःबद्दल सांगितलेल्या दोनच गोष्टी मला आठवतात. मुलगी झाली, आणि मुलगी शिकून परदेशी गेली.

त्यांची बायको यकृताच्या आजाराने गेली. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी चहा केला, खिडकीचा पडदा सारखा केला आणि म्हणाले, "चाललंय, बाई." त्यानंतर आठ महिने खरंच चाललं होतं. मग एका दुपारी प्रयोगाआधी एक नवी मुलगी त्यांच्या खुर्चीत बसली. अभ्यास आणि तालमी, दोन्हीच्या जागरणाने तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. काकांनी बोटावर रंग घेतला, आणि हात तिच्या गालापासून चार बोटांवर थांबला. पुढे जाईना. दहा मिनिटं वाट पाहून त्या पोरीने स्वतःच रंग फासला आणि ती रंगमंचावर गेली.

डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून झालं, नसांच्या डॉक्टरांना दाखवून झालं. हात ठणठणीत होता. माझे केस रंगवायला ते महिन्यातून एकदा घरी येतात, तिथे बोटं पूर्वीसारखीच चालत होती. चेहरा समोर आला की थांबत. शेवटी नसांच्या डॉक्टरांनी सांगितलं, कुणाशी तरी बोला. काका माझ्या डोक्यावर ब्रश फिरवत म्हणाले, जन्मभर लोकांनी माझ्याशी फुकट बोलून घेतलं, आता मी कुठे बोलू?

मी त्यांच्या मागेच लागले. माझ्या भाचीने एक थेरपिस्ट सुचवला. सातव्या मजल्यावर काचेची खोली, राखाडी सोफा, टेबलावर कागदी रुमालांचं खोकं. माणूस तरुण आणि मनाचा चांगला होता. तो समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ बसला आणि म्हणाला, माझ्याकडे बघून बोला, घाई नाही. काकांनी बघितलं. त्याची उजवी भुवई डावीपेक्षा थोडी वर होती आणि हनुवटीखाली दाढी केल्याने पुरळ उठलं होतं. पन्नास मिनिटं ते तेच बघत राहिले. तीन वेळा गेले, तीन वेळा तेच. चौथ्या वेळी त्यांनी कळवलं की आता बरं वाटतंय.

दुसरी थेरपिस्ट होती फोनवर दिसणारी. घरबसल्या होईल म्हणून मीच ती शोधली होती. तिच्या मागे खिडकी होती, त्यामुळे तिचा चेहरा कोळशासारखा काळा दिसत होता. काकांनी तिला दिवा पुढे घ्यायला सांगितला, मग जरा डावीकडे, मग त्यावर पांढरा कागद लावायला. ती भलतीच खूश झाली. अर्धा तास त्यातच गेला. मग ती म्हणाली, "आता सांगा, घरी कोण कोण असतं?" आणि काकांनी फोन टेबलावर पालथा घातला. त्यांची मुलगी दर रविवारी सकाळी दहाला त्याच फोनवर, तेवढ्याच चौकोनात दिसायची. हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं नाही. नेटवर्क गेलं म्हणाले.

मी चिडले होते. तुम्हाला बरं व्हायचंच नाही, असंही बोलून गेले. ते माझे केस विंचरत म्हणाले, तसं नाही बाई, जमत नाही.

तिसरी समुपदेशक सरकारी दवाखान्यात मंगळवारी बसायची. त्या दिवशी काका माझ्याकडून थेट निघाले होते आणि मी सोबत गेले होते. बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई औषधाच्या चिठ्ठीची घडी घालून उलगडत बसली होती. काका आत गेले. पुढचं त्यांनी मला पुढच्या महिन्यात सांगितलं, माझ्या मागे उभं राहून. लिहा म्हणाले, फक्त जास्त रंग चढवू नका.

खोली पूर्वी जखमा बांधायची होती. भिंतीला लोखंडी कपाट, कोपऱ्यात बेसिन, त्यावर पारा उडालेला छोटा आरसा. समुपदेशक पन्नाशीची, चष्मा कपाळावर सरकवलेला. काकांच्या बोटांना माझ्या केसांचा काळा रंग तसाच होता. हात धुऊ का, असं विचारून ते बेसिनपाशी गेले, नळ सोडला आणि वर बघितलं. आरशात ती मागे बसलेली दिसली. आणि त्यांच्या तोंडून शब्द निघायला लागले. हात कधीच स्वच्छ झाले होते, तरी ते चोळतच होते आणि बोलतच होते. बऱ्याच वेळाने ती एवढंच म्हणाली, "नळ बंद केलात तरी चालेल. तिथेच उभे राहा."

तिथे उभं राहून त्यांनी जे सांगितलं ते असं. बायको आजारी पडली तेव्हा मुलीला सातवा महिना होता. इतक्या लांबचा विमानप्रवास डॉक्टरांनी मना केला होता. ती घाबरेल म्हणून बायको म्हणाली, रविवारी फोन यायच्या आधी मला जरा माणसात आणा. काकांनी पेटी उघडली. पिवळ्या पडलेल्या कातडीवर आधी तो पिवळा मारायला जांभळट रंगाचा अगदी पातळ हात, त्यावर तिचा रंग, गालांच्या खळग्यात किंचित गुलाबी. ओठांना लावलंय हेही कळू नये असं. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ते बाजूला उभे राहत. मुलगी म्हणायची, आई, तू बरी दिसतेस. असे अकरा रविवार गेले. बाराव्या रविवारच्या आधीच, बुधवारी, बायको गेली. बाळंतपण चार दिवसांवर आलेली मुलगी फोनवर रडत म्हणाली, गेल्या रविवारी तर किती छान दिसत होती. आणि अजून ती ओळखीच्या प्रत्येकाला हेच सांगते, की आई शेवटपर्यंत छान होती, तिला फार भोगावं लागलं नाही.

एवढं तर मलाही समजून घेता आलं असतं. बायकोने सांगितलं, नवऱ्याने केलं. पण काकांचे माझ्या केसातले हात थांबले.

"शेवटचे दोन रविवार ती नको म्हणत होती, बाई. म्हणाली, राहू द्या आता, पोरीला बघू दे. मीच पेटी उघडली. मलाच ती तशी बघवत नव्हती."

मी आरशात त्यांच्याकडे बघत होते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की या माणसाचा चेहरा मी चाळीस वर्षांत सरळ असा फारसा बघितलेलाच नाही. डावी बाजू कुठली, उजवी कुठली, मला वळून बघितल्याशिवाय सांगता आलं नसतं. मी वळले नाही.

दवाखान्यातल्या त्या पहिल्या दिवसानंतरच्या मंगळवारी काका गेले तर समुपदेशकबाईंची खुर्ची आधीच आरशात दिसेल अशी सरकवून ठेवलेली होती. बेसिनपुढे एक स्टूल होतं. काका पुढचे दहा मंगळवार त्यावर बसले, तिच्याकडे पाठ करून. एकदा त्यांनी विचारलं, मुलीला सांगू का? ती म्हणाली, ते तुम्ही ठरवा, ठरेपर्यंत मी मंगळवारी इथे असते.

आणि एका रविवारी त्यांनी सांगितलं. फोन साखरेच्या डब्याला टेकवून, समोर बसून, सरळ. मुलीने सगळं ऐकलं. मग म्हणाली, बाबा, बाळ रडतंय, ठेवते. बाळ तिच्या खांद्यावर गाढ झोपलेलं काकांना दिसत होतं.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. काका दहाच्या आधी दाढी करून, डबा टेबलावर मांडून बसायचे आणि साडेअकराला डबा जागेवर ठेवायचे. त्यांनी स्वतः फोन केला नाही. तिचा हक्क आहे, म्हणाले. त्या दिवसांत ते माझ्याकडे एकाच महिन्यात दोनदा केस रंगवायला आले. तिसऱ्यांदा पिशवी घेऊन दारात उभे राहिले तेव्हा मी म्हटलं, "काका, रंगवायला केस तरी उरू द्या की माझे." हसले. आत येऊन नुसतेच बसले. आम्ही दोघांनी भिंतीकडे बघत चहा घेतला. मुलगी तुटली तर, असं मी विचारलं नाही आणि त्यांनीही काढलं नाही. मंगळवारी मात्र गेले. समुपदेशकबाईने त्या दिवशी वेळ संपल्यावर पाचेक मिनिटं जास्त बसू दिलं.

चौथ्या रविवारी दहा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. मुलीचे केस विंचरलेले नव्हते, डोळे सुजलेले होते. तिने नमस्कार-चमत्कार काही केला नाही. कितीतरी वेळ ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि काकांनी नजर काढून घेतली नाही.

मग तिने विचारलं, "काही लावलंय का चेहऱ्याला?"

"नाही."

"खरं सांगा, बाबा."

"काही नाही लावलं."

तिचा विश्वास बसलेला दिसला नाही. ती म्हणाली, "खिडकीपाशी जा. उजेडात. आणि फोन जवळ धरा."

काकांनी डब्यावरून फोन उचलला आणि पडदा पूर्ण बाजूला सारला.