उजव्या पेडलचा दोष

माझ्याकडे विमान आहे, असं मी लग्नाच्या पंगतीत सांगतो तेव्हा शेजारचे पाहुणे हातातला घास तसाच धरून माझ्याकडे बघतात. तेवढ्यात बायको म्हणते, "गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत आहे. उडत नाही." असा माझा संसार.

विमान म्हणजे विमान उडवायचा खेळ भरलेला एक जुना कॉम्प्युटर, मोठा पडदा, भंगारातून आणलेली ट्रकची सीट आणि चार कंट्रोलर. उजव्या हाताला जॉयस्टिक. डाव्या हाताला वेगाची दांडी, ती मी शेंद्र्याच्या कारखान्यात टाकून दिलेल्या लिव्हरपासून स्वतः बनवली; तिथं मी मेन्टेनन्सला होतो. पायाखाली डावी-उजवीकडे वळायची दोन पेडलं, बंद पडलेल्या गेम पार्लरमधल्या मोटारीच्या खेळाची. आणि मांडीवर साधा गेमपॅड, चाकं वर घ्यायला, दिवे लावायला.

चार कंट्रोलर सांभाळणं म्हणजे चार जावा एका चुलीवर नांदवणं. ज्याची वायर आधी लागेल तो स्वतःला थोरला समजतो. वीज जाऊन आली की सगळ्यांचे नंबर उलटेपालटे. एकदा दौलताबादच्या किल्ल्यावरून डौलात जाताना मी डावीकडे वळायला पाय दाबला, तर इंजिनच बंद! मी सीटवर उभा राहून ओरडलो. खाली बायकोनं शेजारणीला सांगितलं, "काही नाही, पडले असतील."

उपाय मला वडिलांच्या धंद्यात सापडला. आम्ही मेंढपाळांची पोरं. पाण्यावर दोन कळप मिसळले की वडील मेंढरं मोजत बसायचे नाहीत, पाठीवरची गेरूची खूण बघायचे. मी चारही वायरींना गेरूचे टिपके दिले, एक, दोन, तीन, चार. तसेच टिपके कॉम्प्युटरवरच्या त्यांच्या भोकांशेजारी. वीज आली की टिपक्यांच्या क्रमानं वायरी लावायच्या. कळप शहाण्यासारखा चालू लागला.

वडिलांची आणखी एक खूण होती. लंगडणाऱ्या मेंढीच्या कपाळावर ते गेरूचा आडवा पट्टा ओढत. म्हणजे हिला लांबच्या वाटेला न्यायचं नाही, मेंढवाड्याजवळच ठेवायची. आणि म्हणत, "लंगडीचा आधी खूर बघावा, मग वाट." हे वाक्य मी शंभरदा ऐकलं होतं. ऐकून उपयोग काय झाला, ते सांगतो.

ती दुष्काळाची वर्षं होती. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी, बोअर कोरडे. शहर मात्र वाढतच होतं. जिथं आम्ही मेंढरं चारली तिथं प्लॉटचे दगड रोवले, मग घरं उठली. त्या घरांना पाणी टँकरचं, आणि टँकर चालवायचा माझा थोरला भाऊ. शेंद्र्याच्या पलीकडच्या विहिरीवर भरायचा आणि उतारावरच्या नव्या वसाहतीत रिकामा करायचा. टँकर थांबायच्या आधीच माणसं चाकांना भिडायची. पाइप आधी कुणाच्या ड्रमात पडतो, एवढंच तेव्हा लोकांना दिसायचं.

रविवारी दुपारी दादा माझ्या गच्चीवर यायचा. पत्रा तापलेला, पंखा गरम हवा ढवळतोय, आणि दादा बनियनवर विमान चालवतोय. त्याला पैठणकडे जायला आवडे. पडद्यावरचा नकाशा जुना होता. त्यात नाथसागर काठोकाठ भरलेला, निळाशार. खऱ्या धरणाचा तळ तेव्हा भेगाळून उघडा पडला होता.

"बारक्या, इथं उतरवतो," दादा म्हणायचा. "टँकर भरून घेतो."

"उतरवतोस काय, चाकं बुडतील."

"बुडू दे. पाण्यात बुडून लई दिवस झाले."

आम्ही हसायचो. त्या निळ्या पाण्यावर आमच्या विमानाची सावली पडायची, तिकडे मला फार वेळ बघवत नसे.

एका रविवारी विमानाचं नाक उजवीकडे हलायला लागलं. हलकेच. नको म्हणताना मान हलावी तसं.

"काय रं, तुझं विमान आज पिऊन आलंय का?" दादा म्हणाला.

मी उजव्या पेडलची वायर काढून लावली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मला भलताच आनंद झाला, खोटं कशाला बोलू! बिघाड सापडला की मेन्टेनन्सच्या माणसाला सण असतो. मी पेडल उघडलं, आत भरलेली धूळ ब्रशनं झाडली. दुसऱ्या भोकात वायर लावून पाहिली. नवी वायर जोडली. आठवडाभर मी एकटा उडवायचो, तेव्हा विमान सरळ जायचं. रविवारी दादा बसला की नाक हलायचं. मी ठरवलं, उन्हाचा दोष. रविवारी दुपारी खोली जास्त तापते ना.

शेवटी मी रामबाण काढला. डेड झोन. म्हणजे पेडल अमुक इतकं दाबेपर्यंत कॉम्प्युटरनं त्याचं ऐकायचंच नाही, अशी सेटिंग. आधी थोडासा ठेवला. दोन रविवारांनी नाक पुन्हा हललं, मी वाढवला. मग आणखी. शेवटी अर्धं पेडल दाबलं तरी विमान ढिम्म.

"आता कसं गप उडतंय!" दादा खूश.

मी कमरेवर हात ठेवून उभा. एवढा अभिमान मला लग्नातही वाटला नव्हता.

मग एकदा बायको पापड वाळत घालायला वर आली. दादा नाथसागरावर होता. ती दारात थांबली, पडद्याकडे न बघता खाली बघत राहिली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "भाऊजींची चप्पल बघा."

दादाची उजवी चप्पल पेडलवर वाजत होती. टिक, टिक, टिक. पंख्याच्या आवाजात मला कधी ऐकूच आली नव्हती. मी सेटिंगचं पान उघडलं आणि डेड झोन शून्यावर आणला. उजव्या पेडलचा दाब दाखवणारी लाल पट्टी थरथरायला लागली, तापल्या डांबरावरची हवा थरथरते तशी.

"दादा, पाय काढ." पट्टी थांबली. "आता ठेव." पट्टी थरथरली.

"वायर बघ," दादा म्हणाला.

"वायर धड हाय, दादा."

"मग पेडल बघ."

मी पेडलवर माझा पाय ठेवला. पट्टी दगडासारखी स्थिर. दादानं ती पाहिली. घोटभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "टँकरचं ब्रेक जड असतंय. तिथं पाय थरथरत नाय." आणि जिना उतरून गेला.

त्या पायाखाली दुसऱ्या दिवशीही टँकर असणार होता, आणि टँकरपुढं माणसं. सकाळी मी रजा टाकली आणि विहिरीवर जाऊन केबिनमध्ये चढलो.

"पहारा का?" दादानं विचारलं.

"फिरायला आलो."

"व्हय. टँकरात फिरायला राजेच येतात."

वसाहतीच्या उतारापर्यंत तो झकास चालवत आला. मला वाटलं, गच्चीवरचं सगळं खोटं. मग खाली रांग दिसली. आमच्याकडे रांगेत माणसं नसतात, त्यांचे हंडे, ड्रम, डबे असतात. माणसं सावलीला बसतात, भांडी नंबर धरतात. टँकर दिसताच सावलीतली माणसं उठली आणि धावत आली.

दादाचा पाय ब्रेककडे गेला. मी पाहिला. तो पेडलच्या वर हवेत थांबला आणि तिथंच थरथरत राहिला, जणू पेडल कुठं आहे ते विसरला. मी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. भरलेला टँकर लगेच थांबत नाही. पुढून आवाज आला. पत्रा चेपल्याचा, प्लास्टिक फुटल्याचा.

मी उतरलो तेव्हा पुढं बघायची हिंमत नव्हती. चाकाखाली तीन ड्रम आणि एक पितळी हंडा. हंड्याची मालकीण चाकापासून दोन हात लांब उभी, तोंड उघडं. मग तिनं आम्हा दोघा भावांना अशा शिव्या दिल्या, की आजवर कानांना तेवढं गोड काही लागलं नाही.

दादानं तिला हात जोडले. पाणी सगळ्यांना वाटून झाल्यावर त्यानं टँकरची किल्ली माझ्या हातात दिली. "मालकाला देऊन ये. मी गेलो तर किल्ली परत घेऊन येईन."

डॉक्टरांनी नंतर दुखण्याचं नाव सांगितलं. दुखणं आहे एवढं कळायलाच मला पडदा, चार कंट्रोलर आणि इतके रविवार लागले होते. त्यातले बरेच रविवार मी ते लपवण्यात घालवले.

पुढच्या रविवारी दादा आला. मी डेड झोन वाढवायला हात पुढं केला, तर त्यानं मनगट धरलं.

"राहू दे शून्यावर. दिसू दे."

माझी गेरूची वाटी खिडकीत होती. त्यानं बोट बुडवलं आणि वाकून स्वतःच्या उजव्या चप्पलेवर आडवा पट्टा ओढला, थोडा वाकडा. मग पाय पेडलवर ठेवला. विमान नाक हलवत, हलवत नाथसागराकडे निघालं.