नातवंडांच्या खिशातले कांदे

मंडळी, वाचनालयाच्या या वहीत आज माझंही लिहितो.

माझा मुलगा मनोहर उद्या बायको आणि दोन लहान पोरं घेऊन मोटारीने जैसलमेरला जाणार आहे. सकाळी तो नकाशा पाहत होता. वाटेत वाळवंट आहे हे ऐकून मी दोन्ही नातवंडांच्या खिशात एकेक कांदा टाकला.

"बाबा, कांदे काहून टाकून राहिले?"

"पोरायले ऊन लागू नये म्हणून."

"जानेवारीत तिथं कुडकुडतात लोक. स्वेटर द्या त्याहिले."

सूनही हसली. "राहू द्या, वाटेत भजे करू."

मी चौथीपर्यंत शिकलेला, मला वाळवंटातली थंडी माहीत नव्हती. पण मनोहरलाही एक माहीत नाही. त्याच्या जन्माआधी आम्ही ऐन मे महिन्यात सक्करदऱ्याहून बैलगाडीने उमरेडला निघालो. घाईत कांदा ठेवायचा मी विसरलो. पाच वर्षांची आमची शांती वाटेतच उन्हाने गेली. त्यानंतर आम्ही नवराबायकोने घरात तिचं नाव काढलं नाही. आता बायकोही नाही.

मनोहरला सांगितलं, तर तो पोरं घेऊन निघताना भिईल. न सांगता मी मेलो, तर त्याला बहीण होती हे कोणालाच कळणार नाही. तुम्ही काय केलं असतं?