सातारा दर्शनातलं एक वाक्य

पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी महेंद्र टेम्पो ट्रॅव्हलरची पुढची काच वर्तमानपत्राच्या कागदानं पुसत होता. कापडानं रेघा राहतात, कागदानं राहत नाहीत, हे तो लष्करात ट्रक चालवताना शिकला होता. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर त्याची सहा वर्षांची नात प्रांजल दोन वेण्या घालून बसली होती. ती अजून अर्धी झोपेत होती.

माधवनगरात महेंद्रला ‘सातारावाला’ म्हणतात. त्याचा बाप गिरणीत होता. गिरणी बंद पडली तेव्हा महेंद्र फौजेत होता. पंधरा वर्षं नोकरी करून तो परतला आणि त्यानं गाडी घेतली. सांगली, मिरज, जत, कवठेमहांकाळ अशा भागांतली माणसं सकाळी भरायची, सातारा दाखवायचा आणि रात्रीच्या जेवणाला घरी सोडायचं, हा त्याचा धंदा. अजिंक्यतारा, संग्रहालय, बाबासाहेबांचं नाव १९०० साली जिथं दाखल झालं ती शाळा, कॉलेजचा परिसर, आणि शेवटी टेकडीवरचं चार भिंती स्मारक. प्रत्येक ठिकाणी काय बोलायचं ते ठरलेलं होतं. ते तो माइकवर बोलायचा, शुद्ध भाषेत, घरात कधीच बोलत नाही तशा.

प्रांजलला त्यानं सोबत घेतलं, कारण संध्याकाळी तिचा बाप येणार होता. ऋषिराज कोरेगावचा, ऊसवाल्या घरातला, पुण्यात एका कंपनीत. महेंद्रची एकुलती लेक प्रियंका त्याला साताऱ्यात कॉलेजात भेटली होती. पुढे दोघं पुण्याला गेले. प्रियंका तिथं कॉलेजात शिकवायला लागली. दोन वर्षांपूर्वी डेंग्यूनं ती आठवड्याभरात गेली आणि चार वर्षांची प्रांजल माधवनगरला आली. आता पहिलीचं वर्ष सुरू होणार होतं. ऋषिराजनं फोनवर सांगितलं होतं, “मामा, मी तिला घेऊन जायला येतोय. पण तिला विचारू. ती नको म्हणाली, तर ओढून नेणार नाही.”

प्रांजल नको म्हणणार, याबद्दल घरात कुणाला शंका नव्हती. पुण्याचं नाव काढलं की ती आज्जीच्या पदराआड जायची. तरी महेंद्रला खात्री करायची होती. आई जिथं शिकली ते सातारा शहर तिनं एकदा बघावं, म्हणजे तिला इकडची ओढ लागेल आणि ती इकडंच राहील, असं त्यानं मनाशी धरलं होतं. बायकोला, चंद्राबाईला, त्यानं फक्त एवढंच सांगितलं, “पोरगी दिवसभर घरात बसून रडंल. त्यापरीस माझ्यासंगं येऊ दे.”

त्या दिवशीची माणसं जत तालुक्यातली, एका बुद्धविहाराची. मिरज स्टेशनवरून ती गाडीत चढली. त्यातले कोंडीबा सर्वांत म्हातारे आणि सर्वांत बोलके. हायवेवरचा पेठ नाका येईपर्यंत त्यांनी तीनदा विचारलं, “ए.सी. हाय न्हवं ह्या गाडीला?”

“हाय की मामा.”

“मग लागत का न्हाई?”

“खिडकी उघडली की लागतोय.”

गाडीत हसू उसळलं. प्रांजलही हसली. मे महिन्याचं ऊन होतं, पण दिवस बरा चालला होता. बाबासाहेबांच्या शाळेला सुट्टी होती. बायकांनी फाटकाबाहेरूनच हात जोडले. एकीनं पायातली चप्पल काढली, म्हणून मग सगळ्यांनी काढल्या. संग्रहालयात प्रांजल एका चिलखतापुढे इतका वेळ उभी राहिली की रखवालदारानं तिला नाव विचारलं.

कॉलेजच्या परिसरात महेंद्रनं गाडी झाडाखाली लावली आणि माइक घेतला. काम करून शिकलेली पोरं, वसतिगृह, बापाकडं फीला पैसे नसताना इथं उभी राहिलेली माणसं, हे सगळं त्यानं नेहमीसारखं सांगितलं. आणि शेवटी नेहमीचं वाक्य: “माझी मुलगी प्रियंका याच ठिकाणी शिकली. आज ती पुण्यात कॉलेजात शिकवते.”

हे वाक्य तो दोन वर्षं तसंच म्हणत होता. प्रवासी परगावचे असत, टाळ्या वाजवत, उतरून जात. ‘शिकली’वर थांबलं तर लोक विचारतील, पोरगी आता काय करते, आणि मग उत्तर द्यावं लागेल, म्हणून त्यानं पुढचं गाळलं नव्हतं.

“वा रं गड्या! लेकीनं नाव काढलं,” कोंडीबा म्हणाले. टाळ्या पडल्या.

पुढच्या सीटवर प्रांजल मान वळवून त्याच्याकडं बघत होती.

आई वारली तेव्हा तिला पुण्यात शेजारच्या घरी ठेवलं होतं. आई दवाखान्यात आहे, एवढं तिला सांगितलेलं. नंतर माधवनगरातही विषय कुणी काढला नाही. भिंतीवर प्रियंकाचा हार घातलेला फोटो होता, पण तिथं बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोलाही हार होता. वर्षभरानं पोरीनं विचारायचं थांबवलं, तेव्हा मोठी माणसं धरून चालली की तिला कळलं असावं.

चार भिंतींजवळ बाकीचे पायऱ्या चढून वर गेले. प्रांजल गेली नाही. ती महेंद्रच्या शेजारी कट्ट्यावर बसली आणि म्हणाली, “आबा, पप्पाला सांगा मी जाते. मला पुण्याला जायचंय.”

“का गं?”

“आई हाय न्हवं तिथं. तुमी माइकवर सांगितलं.”

खाली शहर उन्हात पसरलं होतं. महेंद्र गप्प राहिला असता तर पोरगी संध्याकाळी हसत गाडीत बसली असती आणि खरं काय ते पुण्यात तिच्या बापाला तिला सांगावं लागलं असतं. सांगितलं तर ती कदाचित राहिली असती. सांगण्यात आपला फायदा आहे, हेही त्याला कळत होतं, आणि त्यामुळं तोंड उघडणं आणखी जड झालं.

“आई पुण्यात न्हाई, बाळा.”

“मग कुठं हाय?”

“ती वारली. दवाखान्यातच. तू ल्हान हुतीस तवा.”

प्रांजल रडली नाही. तिनं फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

“मग तुमी सगळ्यांना खोटं का सांगितलं?”

“मला म्हणवत न्हाई गं, ती न्हाई म्हणून.”

“आज्जीला ठावं हाय?”

“हाय.”

“पप्पाला?”

“व्हय.”

“म्हंजे मलाच न्हवतं,” प्रांजल म्हणाली.

परतीच्या वाटेवर ती मागं बायकांमध्ये जाऊन बसली. कोंडीबांनी सगळ्यांकडून वर्गणी काढून कंदी पेढ्यांचा पुडा घेतला होता. कराडच्या अलीकडं चहाला गाडी थांबली तेव्हा ते पुडा घेऊन पुढं आले. “ह्यो तुमच्या लेकीला. पुण्याला धाडा. म्हणावं, जतच्या आज्यानं दिलाय.”

महेंद्रनं आरशात पाहिलं. प्रांजल त्याच्याकडंच बघत होती.

“मामा, माझी लेक दोन वर्षं झाली, वारली,” तो म्हणाला. “मघाशी मी खोटं बोललो.”

कोंडीबांचा हात तसाच राहिला. मग त्यांनी पुडा डॅशबोर्डवर ठेवला आणि ते जागेवर जाऊन बसले. मिरजेपर्यंत गाडीत कुणी गाणं लावायला सांगितलं नाही.

सात वाजता महेंद्र घरी पोचला. ऋषिराज दारातच खुर्चीवर होता. प्रांजल सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

“पप्पा, आई कुठं हाय?”

ऋषिराजनं सासऱ्याकडं पाहिलं नाही. तो खुर्चीवरून खाली उकिडवा बसला. “आई नाही, प्रांजल. ती आजारी पडली आणि वारली. मी तिथं होतो. तुला काय विचारायचं असेल ते विचार, मी सांगेन.”

प्रांजलनं थोडा विचार केला. “मी तुमच्याबरोबर येते,” ती म्हणाली.

चंद्राबाई आतून धावत आली. “आवं, काय बोललासा तिला? सकाळपातूर पोरगी न्हाई म्हणत हुती!”

“खरं ते बोललो.”

“आत्ताच बोलायचं हुतं व्हय?”

ऋषिराज म्हणाला, “मामा, दिवाळीला आणतो तिला. त्याआधी तुम्ही या.” त्यात कडवटपणा नव्हता. चंद्राबाईनं डोळे पुसत फ्रॉकांच्या घड्या घातल्या. प्रांजलनं आईचा फोटो मागितला. महेंद्रनं स्टूल घेतलं, हार उतरवून बाजूला ठेवला आणि फोटो स्वतःच्या सदऱ्यानं पुसून तिच्या हातात दिला. तिनं तो पिशवीत तळाशी ठेवला. आबांकडं बघून ती “थँक्यू” म्हणाली, शाळेत शिकवलं होतं तसं.

साडेआठला मोटार निघाली. फोटोची जागा रिकामी दिसू नये म्हणून चंद्राबाईनं कॅलेंडर सरकवून तिथं लावलं.

जेवण झाल्यावर महेंद्रला फोन आला. उद्याची पार्टी जयसिंगपूरची, चौदा माणसं. अंकली पुलाजवळ सकाळी सहाला घ्यायची, सातारा दर्शन. ‘याच ठिकाणी शिकली’ याच्यापुढं उद्या काय म्हणायचं, ते त्यानं अजून ठरवलं नव्हतं.